काटा ‘वेट’ म्हणतो आणि झाड सुकतं: थ्री-इन-वन सॉइल मीटरची उलटतपासणी

मृग लागला की बेळगावात घरातल्या झाडांच्या तक्रारी दोनच. एकतर खालची पानं पिवळी पडून गळतात, नाहीतर वेल दोरीसारखा लांबत जातो आणि पानं बोटभर अंतरावर एखादं. दोन्हींवर उतारा म्हणून हल्ली एक हिरव्या प्लास्टिकचं यंत्र सुचवलं जातं. खाली दोन धातूच्या दांड्या, वर तबकडी, मध्ये तीन ठिकाणी सरकणारा खटका: ओलावा, उजेड आणि पीएच (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी, त्याचं माप). ऑनलाइन साधारण तीनशे ते पाचशे रुपयांना मिळतं. नावं वेगवेगळी, डबे वेगवेगळे, आतला माल जवळपास एकच. म्हणून इथं एका कंपनीचं नाही, या जातीच्या मीटरचंच परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगतो. तीन कामांपैकी ओलाव्याचं काम हे मीटर अर्धं करतं, उजेडाचं एका कोपऱ्यापुरतं करतं आणि पीएचचं करतच नाही. तरीही ज्यांच्याकडे बारा इंचांहून मोठ्या कुंड्या आहेत त्यांनी ओलाव्याचं मीटर जरूर घ्यावं, पण शेवटी सांगितलेलं एका लांब दांडीचं. ज्यांच्या सगळ्या कुंड्या एका हातानं उचलता येतात त्यांनी पैसे वाचवावेत. असं का, ते पुढं येईलच.

डब्यात मीटर आणि एक घडी घातलेलं पत्रक असतं. पत्रकात शे-दीडशे झाडांची नावं आणि त्यांच्यापुढं ओलाव्याचे आकडे. मराठी नाही, कानडीही नाही, तेवढ्यापुरता दोन्ही बाजूंना समान न्याय. त्या यादीतली निम्मी झाडं आपल्याकडे दिसतही नाहीत. पत्रक बाजूला ठेवलं तरी चालेल.

आधी हे चालतं कसं ते बघू, कारण त्याचे सगळे दोष त्यातच आहेत. बॅटरी नाही. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसला की बारीकशी वीज तयार होते, हा शाळेतला प्रयोग आठवत असेल. इथंही तेच. दोन दांड्यांचे धातू वेगळे असतात, ओली माती लिंबाचं काम करते आणि तेवढ्या विजेवर काटा हलतो. म्हणजे मीटर पाणी मोजत नाही, मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतं. पाणी वाढलं की वीज वाढते हे खरं, पण क्षार वाढले तरी वाढते, माती दाबून बसलेली असली तरी वाढते आणि दांडी जास्त खोल गेली तरी वाढते.

म्हणून क्षारांनी होणारी फसगत सगळ्यात मोठी. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या कुंडीत काठाला पांढरी खपली धरते. अशा कुंडीत मीटर टोचलं की माती जेमतेम दमट असतानाही काटा दहापैकी सात-आठवर जाऊन बसतो. घरातलं माणूस म्हणतं, अजून ओली आहे, राहू दे. इकडं पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, झाड खरोखर तहानलेलं असतं. वरून दर पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं खत घालणारे असतील तर आणखी वाईट. रासायनिक खत म्हणजे क्षारच. खत घातल्यावर आठवडाभर तरी या मीटरवर विश्वास ठेवू नये.

दुसरा गुन्हेगार न धुतलेलं कोकोपीट. विटेच्या आकाराच्या दाबलेल्या ठोकळ्यात नारळाच्या काथ्याचे मूळचे क्षार असतात. ठोकळा फुगवला, निथळवला आणि सरळ कुंडीत भरला तर पहिल्या दिवसापासून काटा वरच राहतो. इथं मात्र मीटर उलट कामाला येतं. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळा, पाणी फेकून द्या, असं दोन-तीनदा करा आणि दर वेळी तेवढ्याच ओलाव्याला, तेवढ्याच दाबून मीटर लावून बघा. काटा खाली येत गेला तर क्षार जाताहेत. शेवटच्या दोन धुण्यांत काटा जागचा हलला नाही की पुरे झालं.

उलट दिशेची फसगत भुसभुशीत मिश्रणात होते. परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे), विटेचे बारीक तुकडे, भाताचं जळकं तूस असं घालून हलकं केलेलं मिश्रण झाडाला फार मानवतं, पण त्यात हवेच्या पोकळ्या असतात. दांडीला माती नीट चिकटतच नाही, आणि पाणी देऊन तास झाला तरी काटा तीनवर. नवखा माणूस पुन्हा पाणी घालतो. स्नेक प्लांट आणि झीझी (झेडझेड प्लांट) सडण्याचं हे एक ठरलेलं कारण. अशा मिश्रणात दांडी घातल्यावर दोन बोटांनी आजूबाजूची माती हलकेच दाबायची, मिनिटभर थांबायचं आणि मगच आकडा वाचायचा.

आता आपल्या भागातल्या मातीचं. खानापूर-बेळगावकडची लाल माती आणि निपाणी-चिकोडी-अथणीकडची काळी माती यांना एकाच तबकडीनं मोजणं म्हणजे भात आणि ज्वारी एकाच मापानं मोजून चव विचारण्यासारखं. काळी माती पाणी धरून ठेवते, बारीक कणांची, दांडीला लोण्यासारखी चिकटते. मीटर आठवडाभर ओलंच दाखवत राहतं, आणि ते खोटं नसतं. खोटं असतं ते त्या मातीत घरातलं झाड लावणं. काळी माती सुकली की आवळून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, फट पडते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरतं आणि मुळांचा गोळा कोरडाच. त्या वेळी दांडी फटीजवळ टोचली तर ‘वेट’, खोडाजवळ टोचली तर ‘ड्राय’. दोन्ही आकडे खरे.

नर्सरीच्या काळ्या पिशवीतून आणलेल्या झाडातही असाच घोळ असतो. पिशवीतला गोळा लाल चिकणमातीचा, घट्ट. आपण तो तसाच उचलून कोकोपीटच्या मिश्रणात ठेवतो. बाहेरचं मिश्रण चार दिवसांत सुकतं, आतला गोळा दहा दिवस ओला. किंवा एकदा का गोळा खडखडीत वाळला की पाणी त्याला वळसा घालून जातं. म्हणून मीटर घ्या नाहीतर घेऊ नका, पण नवीन झाडाच्या कुंडीत दोन ठिकाणी तपासायचं: एकदा काठापासून दोन बोटं आत, एकदा खोडापासून दोन बोटं लांब. दोन आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक आला तर कुंडी बादलीत कडेपर्यंत वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळवावी. पुढच्या वेळी कुंडी बदलताना तो गोळा पाण्याखाली हलक्या हातानं मोकळा करावा.

भाजलेल्या मातीच्या कुंडीची गंमत वेगळी. तिच्या भिंतीतून पाणी उडतं, त्यामुळं कडेची माती आधी सुकते. मीटर कडेला टोचण्याची सवय असेल तर अशा कुंडीत कायम जास्तच पाणी घातलं जाणार. प्लास्टिकच्या कुंडीत हा फरक फारसा नसतो.

हे सगळं वाचून मीटर फेकून द्यावंसं वाटत असेल तर थांबा. तबकडीवरचे एक ते दहा हे आकडे परके मानले आणि प्रत्येक कुंडीचे स्वतःचे दोन आकडे काढले, तर हेच मीटर कामाचं ठरतं. ती पद्धत अशी. कुंडीला तळातून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी द्या. तासभर निथळू द्या, बशीतलं पाणी ओता. मग खोड आणि काठ यांच्या बरोबर मध्ये दांड्या उभ्या घाला, कुंडीच्या खोलीच्या दोनतृतीयांशापर्यंत. मिनिटानं जो आकडा येईल तो या कुंडीचा ‘भरलेला’. दांडी मातीत जिथपर्यंत गेली तिथं मार्करनं रेघ मारा, पुढं दर वेळी तेवढीच खोल घालायची, कारण खोली बदलली की आकडा बदलतो. मग रोज सकाळी त्याच सुमाराला वाचत जा. पीस लिली असेल तर पानं किंचित मान टाकतील, मनीप्लांट असेल तर पानांचा ताठरपणा कमी होऊन ती मऊ लागतील. त्या सकाळचा आकडा म्हणजे ‘रिकामा’. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून कुंडीला लावा. काहींच्या कुंडीत भरलेला नऊ आणि रिकामा पाच येईल, काहींच्यात सहा आणि एक. दोन्ही ठीक.

या दोन आकड्यांच्या मध्ये पाणी कधी द्यायचं ते झाडावर. झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात पाण्याचा साठा, म्हणून तिला रिकाम्या आकड्यावर आणखी चार-आठ दिवस ठेवलं तरी ती तक्रार करत नाही. स्नेक प्लांटचंही तसंच. मनीप्लांट, सिंगोनियम, रबर प्लांट यांना रिकाम्याच्या एक घर वर असताना पाणी. पीस लिली आणि नेफ्रोलेपिससारखी नेचं अर्ध्यावर आली की लगेच. आणि पाणी द्यायचं तेव्हा पूर्ण द्यायचं. रोज अर्धा पेला हा प्रकार मीटरलाही गोंधळात टाकतो आणि मुळांनाही: वरची दोन इंच माती ओली, खाली कोरडं.

वापरात होणाऱ्या चुका तीनच, पण सर्रास. पहिली, खटका चुकीच्या जागी. खटका उजेडावर राहिला आणि दांडी मातीत घातली तर काटा खोलीतला उजेड दाखवतो आणि आपण तो ओलावा समजतो. मीटरवर हाताची सावली धरा. काटा हलला तर खटका उजेडावर आहे. दुसरी, दांडी कायम मातीत ठेवणं. झाडाशेजारी ते दिसतं छान, पण आठ-पंधरा दिवसांत दांड्यांवर गंज-काजळी चढते आणि काटा आळशी होतो. तिसरी, जोर लावणं. निचऱ्यासाठी खाली खापऱ्या घातल्या असतील तर दांडी तिथं अडते, आपण दाबतो, आणि दांडी जिथं प्लास्टिकमध्ये शिरते तिथं मोडते. अडली की काढून दुसरीकडे घालायची.

पाऊस हे या मीटरचं खरं परीक्षेचं केंद्र. घाटमाथ्याच्या कणकुंबी-जांबोटीकडं जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, बेळगाव शहरातही जुलैत धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. जे कपड्यांचं तेच मातीचं. एप्रिलमध्ये चार दिवसांत सुकणारी आठ इंची कुंडी जुलैत बारा-पंधरा दिवस घेते. त्यात झड येऊ नये म्हणून सज्जाला ताडपत्री किंवा प्लास्टिक बांधलेलं, म्हणजे उजेड कमी. उजेड कमी म्हणजे झाड पाणी ओढत नाही, पाणी ओढत नाही म्हणजे माती ओली, माती ओली म्हणजे मुळांना हवा नाही. पावसाळ्यातली पिवळी पानं बहुतेक वेळा ‘पाणी जास्त’ या खात्यावर टाकली जातात, पण मूळ कारण पुष्कळदा ती ताडपत्री असते. रविवारी पाणी घालायचा दिवस ठरलेला असेल तर या चार महिन्यांत तो मोडावा. इथं मीटर उपयोगी पडतं, कारण ते निदान ‘अजून नको’ एवढं ठामपणे सांगतं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आपल्या सांगण्यापेक्षा काट्याचं म्हणणं लवकर पटतं.

आता उजेडाचं खातं. मीटरच्या डोक्यावर छोटी काच असते, तिच्याखाली कॅल्क्युलेटरला असतो तसला बारका सोलर सेल. तबकडीवर शून्य ते दोन हजार. एकक कुठं छापलेलं असतं, कुठं नसतं. लक्स धरले तरी हे माप अपुरं आहे. भर दुपारी उघड्यावर उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात, ढगाळ दिवशी उघड्यावर दहा-पंधरा हजार, आणि घरात खिडकीच्या काचेला लागून काही हजार. म्हणजे खिडकीत ठेवलं की काटा टोकाला जाऊन टेकतो आणि तिथंच बसतो. तीन हजार आहेत की तेरा हजार, ते कळत नाही. आणि खिडकीतल्या झाडांसाठी नेमकं तेच कळायला हवं असतं.

मग याचा उपयोग कुठं? काळोख्या जागी. जुन्या कौलारू घरात सोप्यावरून आत गेलं की माजघर. तिथं कोपऱ्यात झाड शोभेल असं प्रत्येकालाच वाटतं. मीटर तिथं धरा, काच वरच्या दिशेला, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर. काटा दोनशेच्या खाली असेल तर तिथं कुठलंच झाड जगत नाही, ते हळूहळू मरतं. झीझीला मरायला वर्ष लागतं म्हणून ती ‘अंधारात जगते’ अशी ख्याती आहे, एवढंच. त्याच माजघरात छपराला काचेचं कौल बसवलेलं असेल तर मात्र उन्हाचा चौकोन जमिनीवरून दिवसभर सरकत जातो. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन अशा वेळी तो कुठं पडतो ते खडूनं आखून घ्या. चौकोनाच्या थेट वाटेत ठेवलेल्या झाडाची पानं भाजतात, वाटेच्या हातभर बाजूला ठेवलेल्या मनीप्लांटला मात्र त्या घरातली सगळ्यात चांगली जागा मिळते.

खिडकीजवळ मोजायला मोबाइल बरा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या पुढच्या बाजूला, वरच्या कडेला उजेड ओळखणारा सेन्सर असतो. लक्स मीटरचं फुकट अ‍ॅप उतरवून घ्या, फोन पानाच्या जागी पडद्याची बाजू उजेडाकडे करून धरा. आकडा थोडाफार इकडेतिकडे असेल, पण मीटरच्या तबकडीपेक्षा शंभरपटीनं कामाचा. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास असं तीनदा मोजायचं, कारण झाडाला एका क्षणाचा नाही, दिवसभराचा उजेड लागतो. साधारण हिशेब असा: स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट दिवसातले दहा-बारा तास ५०० ते १००० लक्सवर तग धरतात, पण ‘तग धरणं’ आणि ‘वाढणं’ यात फरक आहे. सिंगोनियम, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा यांना हजार ते अडीच हजार दिले तर नवी पानं नीट येतात. रबर प्लांट, अरेका पाम, क्रोटन यांना पाच हजारांच्या पुढं हवं. क्रोटनचा लाल-पिवळा रंग जाऊन तो नुसता हिरवा झाला की मोबाइल न काढताही उजेड कमी आहे हे समजावं. पांढरे पट्टे असलेल्या मनीप्लांटची नवी पानं साधी हिरवी येऊ लागली तरी तेच.

दिशेबद्दल एक गोष्ट मोठ्या शहरांतल्या सल्ल्यांत सापडत नाही. ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही’ हे वाक्य दिल्लीकडं निदान दुपारपुरतं बरोबर, बेळगावात तेही नाही. आपण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथं थेट डोक्यावर येतो, पुन्हा ऑगस्टच्या ८-१० तारखांच्या सुमारास. मधले तीन महिने तो आपल्या उत्तरेला असतो. पावसाच्या ढगांमुळं जून-जुलैत ते जाणवत नाही, पण मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन शिरतं आणि वर्षभर सावलीला सोकावलेल्या पीस लिलीच्या पानांवर काचेच्या बाजूनं पांढुरके, कागदासारखे डाग पडतात. याला रोग समजून फवारणी करणारे पुष्कळ. कुंडी हातभर आत ओढली की काम झालं. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ५१ अंशांवर उतरतो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं हातभर-दोन हात आत येतं. उन्हाळ्यात ज्या कोपऱ्यात काटा तळाला होता तिथं थंडीत झाड सुखानं राहतं. वर्षातून दोनदा कुंड्यांच्या जागा बदलणं इथं शहाणपणाचं.

डासांची जाळी आणि ताडपत्री किती उजेड खातात, तेही मोबाइलनं बघण्यासारखं आहे. जाळी उघडी ठेवून एक आकडा, बंद करून दुसरा. धूळ बसलेली जुनी जाळी असेल तर फरक बघून आधी जाळी धुवावीशी वाटते. निळ्या ताडपत्रीऐवजी पारदर्शक शीट बांधली तर झडही अडते आणि उजेडही राहतो.

खिडकीच नसेल तर ‘ग्रो लाइट’ म्हणून विकले जाणारे जांभळे दिवे घ्यायची गरज नाही. साधा ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब एकूण ८०० ते ९०० ल्युमेन (बल्बच्या उजेडाचं माप) देतो. शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर टांगला तर पानांवर हजार ते दोन हजार लक्स पडतात. तोच दुप्पट उंचीवर नेला तर चौथाई उरतात, म्हणून छतावरचा बल्ब झाडाच्या कामाचा नाही. रोज बारा तास लावला तर महिन्याला सव्वातीन युनिट. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येत असेल तर आपली ठरलेली मर्यादा बघून बल्बांची संख्या धरावी. पंधरा-वीस रुपयांचा पत्र्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा घरगुती शेड वर लावला तर भिंतीकडं वाया जाणारा उजेड खाली येतो.

पीएचच्या खटक्याबद्दल दोनच ओळी. या मीटरचा पीएच मातीतल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर इतका हलतो की त्यावरून चुना किंवा गंधक घालणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. घरातल्या झाडांना त्याची गरजही फारशी पडत नाही.

मीटर आणि मोबाइल असे दोन्ही हातात असले की निदान कसं करायचं ते एका उदाहरणावर बघू, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो: मनीप्लांट मलूल पडला आहे, पाणी द्यावं का? पानं मलूल आणि काटा त्या कुंडीच्या रिकाम्या आकड्यावर, तर प्रश्न नाही, पाणी द्या. पानं मलूल आणि काटा भरलेल्या आकड्याजवळ, तर पाणी अजिबात नको. मुळं कुजली आहेत आणि पाणी असूनही ती ते ओढू शकत नाहीत. मातीला आंबूस वास येईल, वर चिलटं उडत असतील. झाड कुंडीतून काढा, माती झटका, मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक लागतं. कुजलेलं काळं-तपकिरी, बोटांत धरून ओढलं की साल निघून आत दोऱ्यासारखं उरतं. तेवढी सगळी स्वच्छ कात्रीनं काढून टाका, त्या प्रमाणात पानंही कमी करा. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग परलाइट किंवा जळकं तूस अशा मिश्रणात, उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्याच कुंडीत लावा. मोठी कुंडी दिली तर तिचं ओलं मिश्रण सुकणार कोण? एकदा पाणी द्या आणि मग रिकाम्या आकड्यापर्यंत हात लावू नका. त्याच दिवशी मोबाइलनं तिथला उजेड मोजा. पाचशेच्या खाली असेल तर जागा बदलल्याशिवाय हे दुखणं पुन्हा येणार.

काटा मधोमध, उजेड पुरेसा आणि तरी पानांची टोकं जळलेली असतील तर क्षार. आठ इंची कुंडीतून आठ-दहा लिटर साधं पाणी, सावकाश, तीन-चार खेपांत सोडून निथळवा. आधी आणि नंतर मीटरचा आकडा लिहा, निथळल्यावर तो आधीच्या भरलेल्या आकड्यापेक्षा खाली आला तर क्षार गेले. पाणी रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन थोडाफार उडतो, क्षार तसेच राहतात. आरओच्या फेकून दिलेल्या पाण्यात तर ते मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, ते झाडांना नकोच. आपल्याकडं पागोळ्यांखाली बादली लावली की चार महिने फुकटात उत्तम पाणी मिळतं. पहिल्या दोन पावसांचं सोडून द्यावं, छपरावरची धूळ त्यात असते.

गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवायची पद्धत आहे. पाच ते अकरा दिवस, रंगीत माळांचा उजेड, खिडकीवर पडदा. झीझीला ते चालतं. क्रोटन आणि फायकस मात्र विसर्जनानंतर पानं टाकतात, तेव्हा त्यांना पाणी वाढवू नये. माळांच्या दिव्यांखाली मीटर धरून बघा, काटा जागचा उठत नाही.

मग पर्याय काय? सहा-आठ इंची कुंडीसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा या मीटरपेक्षा खात्रीचा. निथळल्यावर वजन घ्या, मलूल होताना घ्या. समजा १४०० ग्रॅम आणि ८०० ग्रॅम आले, तर हजारच्या आसपास आलं की पाणी. क्षार, पोकळ्या, काळी-लाल माती, कशाचाच त्यावर परिणाम नाही. काही दिवसांनी हातालाच अंदाज येतो आणि काटाही नको होतो. त्याहून मोठ्या कुंडीत खराट्याची लांब काडी, इडली शिजली का बघायला टोचतो तशी, तळापर्यंत घालून पाच मिनिटं ठेवायची. बाहेर काढल्यावर ओल किती बोटांपर्यंत चढली ते काडीवर दिसतं, आणि माती चिकटली असेल तर खाली चिखल आहे हे कळतं. मीटरनं हे दोन वेगवेगळ्या खोलींवर सांगता येत नाही. मात्र अठरा इंची ड्रममधला अरेका उचलता येत नाही आणि काडीही तिथं तळापर्यंत नीट जात नाही. तिथं मीटर घ्यावंच, पण दोन दांड्यांचं आखूड नको, एका लांब दांडीचं घ्या. त्यात दुसरा धातू टोकाशीच असतो, त्यामुळं ते टोकाजवळचाच ओलावा सांगतं, आणि तिथं मोठ्या कुंडीच्या तळाला पाणी साचलंय का हेच तर बघायचं असतं. त्याला उजेड-पीएचचे खटके नसतात, पैसेही कमी. मोठ्या कुंड्यांसाठी मी सुचवेन ते हेच.

बॅटरीवर चालणारी, डिजिटल पडद्याची महाग मीटरंही मिळतात. तापमान आणि उजेड ती बरी दाखवतात, पण ओलाव्याचे पाचच टप्पे आणि तेही त्याच दोषांचे. त्या पैशात दोन पोती कोकोपीट येईल.

घेतलंच तर डबा उघडल्या दिवशी तपासायचं. मूठभर माती दोन वाट्यांत घ्या, एकीत तशीच कोरडी, दुसरीत साध्या पाण्यानं चिखल करा. कोरडीत काटा तळाला आणि चिखलात आठच्या पुढं गेला पाहिजे. मध्येच अडकून थांबला, बोटानं टिचकी मारल्यावर उडी घेतली, तर परत पाठवण्याची मुदत आहे तोवर परत करा. चांगलं निघालं तर दर महिन्याला दांड्यांची टोकं भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं कोरडीच घासायची, प्रत्येक वाचनानंतर फडक्यानं पुसायचं, आणि पावसाळ्यात खिडकीच्या पट्टीवर नाही, कपाटात ठेवायचं.